माळ्यावरून खाली आलेली नौदलाची तलवार: ओळखायची कशी, सांभाळायची कशी

पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करायची वेळ आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. बहुतेकींत पितळेची भांडी, लग्नाचे फोटो नि भाडेपावत्या असतात. क्वचित एखाद्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार निघते. काळं चामड्याचं म्यान, काळपट पितळी मूठ आणि मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड. मुंबई हे नौदलाचं शहर असल्याने यात फार नवल नाही. कुणाचे आजोबा नौदलात अधिकारी होते, कुणी गोदीत नोकरीला होतं, कुणी साहेबाच्या बंगल्यावर कामाला होतं, तर कुणी चोरबाजारातून हौसेने आणलेली असते.

तलवार निघाली की पहिल्या तासात घरचं कुणीतरी चिंच किंवा पितांबरी घेऊन बसतं. त्यांना तिथेच थांबवा. मुठीवर जो सोनेरी रंग उरला असेल तो बहुधा पितळेवर चढवलेल्या सोन्याच्या मुलाम्याचा असतो. हा थर फार पातळ असतो आणि एकदा घासला की गेला. पात्यावरची नक्षी तर आम्लाने कोरलेली, केसाएवढी उथळ असते. तलवार कुणाची, कधीची आणि कुणी केली, ही सगळी माहिती याच दोन थरांत असते. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी वाचायचं, मग फोटो काढायचे, मग कायदा बघायचा आणि सर्वांत शेवटी पुसायचं.

म्यानातून बाहेर काढताना

टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरा आणि हातात नायट्राइलचे मोजे घाला. उघड्या हाताच्या घामात मीठ असतं. मुंबईच्या हवेत पोलादावर अंगठ्याचा ठसा उमटला तर काही दिवसांत त्याच रेषांनी तांबूस गंज धरतो.

म्यान मुठीत घट्ट आवळून धरू नका. जुन्या चामड्याची शिवण उसवलेली असते आणि खेचताना पातं त्या फटीतून बाहेर येऊन बोटं कापू शकतं. म्यानावर तोंडाशी, मध्ये आणि टोकाला अशी तीन पितळी वेष्टणं असतात. त्यांतलं तोंडाकडचं वेष्टण दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. मग परजेची, म्हणजे मुठीवर बोटांचं रक्षण करणाऱ्या पितळी पत्र्याची, आतली बाजू बघा. तिथे बिजागरीवर हलणारा एक छोटा पत्रा असतो आणि त्याला एक भोक असतं. म्यानाच्या तोंडावरची बारीक घुंडी त्या भोकात बसते, म्हणजे चालताना तलवार आपोआप बाहेर सरकत नाही. पत्रा वर उचलल्याशिवाय ओढलंत तर शंभर-दीडशे वर्षं टिकलेली बिजागरी तुटेल. पत्रा उचलूनही पातं हललं नाही, तर म्यानाच्या तोंडातून पात्याच्या कडेने शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. तेल चामड्यावर सांडू देऊ नका. पिळणं, ठोकणं, दोघांनी दोन टोकं धरून ओढणं, यातलं काहीही करायचं नाही.

मूठ काय सांगते

ब्रिटिश नौदलात १८०५पूर्वी अधिकाऱ्यांच्या तलवारीला ठरलेला नमुना नव्हता, ज्याची त्याची आवड आणि ऐपत. १८०५मध्ये पहिला अधिकृत नमुना आला. वरिष्ठांना हस्तिदंती मूठ, लेफ्टनंट व त्याखालच्यांना काळ्या मत्स्यचर्माची. तुमच्या घरात जी निघेल ती बहुतेक १८२७च्या नमुन्याची असेल. हा नमुना थोड्याफार फरकाने आजही चालू आहे आणि भारतीय नौदलाच्या अधिकाऱ्यांची समारंभी तलवारही त्याच घडणीची आहे.

तिची खूण म्हणजे बोटांवरून वाटीसारखी वळलेली भरीव परज. तिच्यावर लंबगोलात नांगर, नांगराला गुंडाळलेला दोर आणि वर मुकुट असतो. मुठीचा माथा सिंहाच्या तोंडाचा. सिंहाची आयाळ मुठीच्या पाठीवरून खालपर्यंत उतरते. पकड पांढऱ्या मत्स्यचर्माची असते, तिच्यावर बारीक दाणे असतात आणि खाचांतून सोनेरी तार गुंडाळलेली असते. भिंगातून बघितलंत तर अस्सल तलवारीवर आयाळीचा केस न् केस छिन्नीने वेगळा केलेला दिसतो. नकलेत आयाळ साच्यातून काढल्यासारखी गुळगुळीत असते, खाचांत ओतकामाचे खड्डे दिसतात आणि पकड प्लास्टिकची असते. सिंहाच्या डोक्यावर पात्याच्या मुठीतून आरपार गेलेल्या शेपटीचं टोक ठोकून बसवलेलं आहे का, तेही बघा. तिथे बाजारात मिळतो तसला आधुनिक नट दिसला तर तलवार हल्लीची, नाहीतर दुरुस्त केलेली.

माथ्यावर सिंह नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका. जुन्या काळी वॉरंट ऑफिसरांच्या तलवारीवर सिंह नसे, साधा पायऱ्यांसारखा माथा असे. अशा तलवारी कमी दिसतात. मला त्या सिंहवाल्यांपेक्षा जास्त रंजक वाटतात, कारण त्या तोफा, दोरखंड आणि सुतारकाम सांभाळणाऱ्या, खालून वर चढलेल्या माणसांच्या असत.

पातं वाचायचं ते तिरप्या उजेडात

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा. समोरून टाकलेल्या उजेडात जे पातं कोरं वाटतं, त्यावर तिरप्या उजेडात वेलबुट्टी, नांगर, मुकुट आणि अक्षरं उठून येतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टोकापासून मुठीपर्यंत वीतभर अंतराने काढत जा आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. पात्याची लांबी साधारण ८० सेंटिमीटर भरते.

आता पात्याचा आडवा छेद बघा. पाठीवर गोल नळीसारखी कड आणि पुढे पातळ धार असेल तर ती १८२७ ते १८४६च्या घडणीची असण्याची शक्यता आहे. १८४६पासून सपाट पाठीचं, दोन्ही बाजूंना रुंद पन्हळ असलेलं पातं आलं.

त्यानंतर राजाची आद्याक्षरं शोधा, कारण कालनिश्चितीला यापेक्षा भरवशाचं काही नाही. व्ही आणि आर ही गुंतलेली अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१पर्यंत. ई, आर आणि रोमन सात म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी, आर आणि पाच म्हणजे पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६. सहा असेल तर सहावा जॉर्ज, १९३६ ते १९५२. अक्षरं पुसली गेली असतील तर मुकुटाकडे वळा. १९०१नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट वरून घुमटासारखा गोल आहे. दुसऱ्या एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मध्ये खचलेल्या दिसतात.

पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून, कधीकधी पितळेची छोटी टिकली बसवलेली असते आणि तिच्याभोवती सहा टोकांची चांदणी कोरलेली असते. पात्याची चाचणी झाल्याची ती खूण. त्याच भागात दुसऱ्या बाजूला नाव असतं. हे नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. नौदलाचे गणवेश शिवणारे लंडन-पोर्ट्समथचे शिंपी तलवारी बाहेरून करून घेत आणि आपलं नाव घालून विकत. गीव्ह्ज हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं नाव. पाती अनेकदा जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत. नाव विल्किन्सन असेल तर पात्याच्या पाठीवर, मुठीपासून दोन-तीन बोटं अंतरावर, आकडा शोधा. या कंपनीने १८५०च्या दशकात पात्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. २००५मध्ये तिने तलवारी बनवणं थांबवलं, पण विक्रीच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत. क्रमांकावरून विक्रीचं साल आणि कित्येकदा गिऱ्हाइकाचं नावही निघतं. हा आकडा गंजाखाली असला तरी पॉलिश पेपरने उघडा करू नका. तेल लावून, मऊ लाकडी काडीने, दोन-तीन दिवस घेऊन काढा.

मुकुट, नांगर आणि मुंबई

एवढं वाचून झालं की तलवार कुठल्या नौदलातली हा प्रश्न येतो आणि मुंबईत त्याचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं १६१२मध्ये सुरतेला आली. कंपनीचा कारभार मुंबईत हलल्यावर १६८६पासून तिच्या आरमाराला बॉम्बे मरीन म्हणू लागले. १८३०मध्ये तेच इंडियन नेव्ही झालं, १८६३मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७मध्ये हर मॅजेस्टीज इंडियन मरीन आणि १८९२मध्ये रॉयल इंडियन मरीन. २ ऑक्टोबर १९३४ला रॉयल इंडियन नेव्ही आली आणि २६ जानेवारी १९५०ला नावातला 'रॉयल' गेला. परजेवर दोन पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह असेल तर ती कंपनीची खूण समजावी. नुसता मुकुट आणि नांगर असेल तर ती थेट ब्रिटिश नौदलातलीही असू शकते. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर १९५०नंतरची.

एक बारकावा लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात देश स्वतंत्र होता, पण नौदलाची चिन्हं मुकुटाचीच होती. म्हणून मुकुट दिसला की 'गोऱ्या साहेबाची' असा निकाल देऊ नका. डी. एन. मुखर्जी १९२८मध्ये रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारी झाले, ते पहिले भारतीय. १९२७मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं आणि राम दास कटारी त्याच्या पहिल्या तुकडीतून पुढे आले. ते १९५८मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतर १९६२मध्ये भास्कर सदाशिव सोमण प्रमुख झाले. या पिढीतल्या अधिकाऱ्यांनी नोकरीची सुरुवात मुकुटाच्या चिन्हाखाली केली.

घरातल्या आख्यायिकांचीही जरा परीक्षा घ्या. 'ही आंग्र्यांच्या आरमारातली' हे मी बऱ्याच घरी ऐकलं आहे. कान्होजी आंग्रे १७२९मध्ये वारले आणि सिंहाच्या माथ्याचा हा नमुना १८२७चा. मधल्या ९८ वर्षांचं काय करायचं? दुसरी आख्यायिका १९४६च्या बंडाची. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर ज्यांनी संप पुकारला ते खालच्या दर्जाचे नौसैनिक होते आणि ही तलवार अधिकाऱ्याच्या कमरेला असे. आजोबा त्या संपात असतीलही, पण मग तलवार त्यांच्याकडे आली कशी, हा वेगळा प्रश्न झाला आणि तो शोधण्यासारखा आहे. नौदलाचे अधिकारी तलवार लोंबती ठेवतात ती कधीकाळच्या बंडाची शिक्षा म्हणून, ही गोष्टही विसरा. तिला पुरावा नाही.

या तलवारीने प्रत्यक्ष लढाया फार कमी पाहिल्या. तिचं खरं काम संचलन, सलामी आणि कोर्ट मार्शल. ब्रिटिश नौदलात खटला चालताना आरोपी अधिकाऱ्याची तलवार टेबलावर ठेवत. निकालानंतर तो आत आला आणि टोक आपल्याकडे दिसलं की काही ऐकायच्या आधीच त्याला समजे की आपण दोषी ठरलो. ही प्रथा २००४पर्यंत चालली.

माणूस शोधायचा असेल तर

आद्याक्षरं किंवा कौटुंबिक चिन्ह पात्यावरच्या मोकळ्या चौकटीत, म्यानाच्या तोंडच्या वेष्टणावर किंवा तलवारीच्या पेटीवर रंगवलेलं असतं. म्हणून पेटी, फाटका खोळ, मुठीचा निळा-सोनेरी गोंडा असं काहीही टाकू नका. आद्याक्षरं आणि अंदाजे काळ हातात आला की नेव्ही लिस्ट या छापील याद्या बघा. त्यांत अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे आणि ज्येष्ठता असते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या ब्रिटिश याद्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. कंपनीच्या आणि इंडियन मरीनच्या सेवेची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे मुंबई सरकारच्या जुन्या खात्यांची दप्तरं आहेत. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा आणि एका दिवसात काही हाती लागेल अशी आशा ठेवू नका.

फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्येही एक चक्कर मारा. तिथल्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. त्यांत १८०८मध्ये लढाईत मारल्या गेलेल्या कॅप्टन जॉर्ज हार्डिंजचं स्मारक आहे आणि इतर दर्यावर्दींचीही नावं आहेत. तुमची आद्याक्षरं तिथे जुळतील असं नाही, पण मुंबईत आलेले हे लोक कोण होते याचा अंदाज येतो.

कायद्याचं काय

बहुतेक जण हा भाग टाळतात, पण फजिती होते ती इथेच. २०१६च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवार हे शस्त्र म्हणून नोंदलेलं आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४नुसार केंद्र सरकार ज्या भागासाठी अधिसूचना काढेल तिथे धारदार शस्त्रालाही परवाना लागतो. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१च्या कलम ३७खाली मुंबईत वेळोवेळी जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात तलवार घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे, मग ती १८५०ची असो वा गंजलेली असो. लग्नाच्या वरातीत मिरवणं, वाढदिवसाला तिने केक कापून व्हिडिओ टाकणं, हे तर करूच नका.

व्यवहारात एवढं करा. तलवार घरीच ठेवा आणि फोटो, मापं व ती घरात कशी आली याचं साधं निवेदन घेऊन आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जा. सध्या काय लागतं ते विचारा आणि तुमच्या पत्रावर पोच घ्या. दुरुस्तीला किंवा तज्ज्ञाला दाखवायला न्यायची असेल तेव्हा तसं आधी लेखी कळवा आणि बंद पेटीतून न्या. वारसांत वाटणी होणार असेल तर ती कुणाकडे गेली हेही लिहून ठेवा.

दुसरा कायदा पुरातन वस्तूंचा, १९७२चा. शंभर वर्षं वा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनही नाही. पाचव्या जॉर्जच्या काळातली, १९२० सालची तलवार आता या रेषेच्या पलीकडे गेली आहे. सहाव्या जॉर्जच्या काळातली अजून अलीकडे आहे. पण तीसुद्धा पाठवायची झाली तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून विकायची असेल तर परवानाधारक व्यापाऱ्याकडेच जा. हस्तिदंती मूठ असेल तर विक्रीचा विचारच सोडा, तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो.

आता पुसायला घ्या

पोलादी पात्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडा. जुनं तेल, चिकटा असेल तर कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा. तांबडा, भुसभुशीत गंज असेल तिथे शिवणयंत्राचं तेल लावून बांबूच्या काडीने अलगद खरवडा आणि पुसून पुन्हा तेल लावा. काळा, घट्ट बसलेला डाग तसाच राहू द्या. तो वाढत नाही आणि घालवायला गेलात तर नक्षीही जाईल. तारेची घासणी, पॉलिश पेपर, गंज घालवणारी आम्लं हे सगळं वर्ज्य. शेवटी म्यूझियममध्ये वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावून सुती फडक्याने पुसून घ्या.

मुठीच्या पितळेला फक्त कोरडा ब्रश पुरतो. चामड्याला टेकलेल्या जागी हिरवा, मेणासारखा थर दिसेल, तो लाकडी काडीने उचलून काढा. मत्स्यचर्माला तेल नको, पाणी नको. म्यानाच्या चामड्याला खोबरेल किंवा बूटपॉलिश लावायचा मोह फार होतो, तो आवरा. तेल आत मुरतं, चामडं आधी मऊ आणि मग ठिसूळ होतं, शिवण सुटते. चामड्याची लाल पूड हाताला लागत असेल तर घरगुती उपाय न करता संवर्धकाला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आणि सगळं झाल्यावर तलवार म्यानात घालून ठेवू नका. हे लोकांना पटत नाही, पण चामडं पावसाळ्यात दमट हवा शोषतं आणि त्यात आम्लाचा अंश असतो. आतलं पातं दोन पावसाळ्यांत खराब होतं. पातं वेगळं, म्यान वेगळं, दोन्ही आडवी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. खाली पॉलिथिन फोम आणि सोबत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, तेही आत टाका आणि काटा साधारण ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पेटी उघडून बघा, दाण्यांचा रंग बदलला असेल तर ते वाळवून परत घाला. समुद्राकडच्या खिडकीसमोर किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर तलवार टांगणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

दसऱ्याला शस्त्रपूजेत ती मांडायला हरकत नाही, मांडावीच. फक्त हळदकुंकू आणि ओलं गंध थेट पात्यावर किंवा मुठीवर लावू नका. तलवारीखाली पाट, पाटावर कोरडं वस्त्र आणि समोर विड्याच्या पानावर हळदकुंकू वाहा. झेंडूचा हार पाटाला घाला, तलवारीला नको. देठातलं पाणी मुठीच्या तारेत शिरतं. आरती झाली की मोजे घालून पातं कोरड्या फडक्याने पुसा, मेणाचा हात फिरवा आणि त्याच दिवशी पेटीत ठेवा.